वाफेच्या इंजिनांचे नादिष्ट नेमके कुठल्या इंजिनावर भाळतात, आणि का

वाफेच्या इंजिनाचा नाद लागलेल्या माणसाला "तुझं आवडतं इंजिन कुठलं?" असं विचारलं की तो बरेचदा नाव सांगतच नाही, आकडे सांगतो. चार-सहा-दोन. दोन-आठ-दोन. ऐकणारा बिचारा चक्रावतो. पण त्या तीन आकड्यांत जवळजवळ अख्खं इंजिन बसलेलं असतं, म्हणून आधी ते समजून घेऊ, पुढचं सगळं मग आपोआप सोपं जाईल.

इंजिनाची चाकं मोजायची, दोन्ही बाजूंची मिळून. सगळ्यात पुढे छोटी चाकं असतात, ती ओढायचं काम करत नाहीत, वळणावर इंजिनाला नीट आत घ्यायचं काम करतात. मधे मोठी चाकं, लोखंडी दांड्यांनी एकमेकांना जोडलेली, गाडी ओढतात ती हीच. आणि मागे परत छोटी चाकं, मागचं वजन पेलायला. म्हणजे ४-६-२ म्हणजे पुढे चार, मधे सहा, मागे दोन, आणि जिथे चाकं नाहीत तिथे शून्य. ही मोजणी अमेरिकेतल्या फ्रेडरिक व्हाइट या माणसाने १९०० च्या आसपास रूढ केली. फ्रेंच लोक चाकांऐवजी आस मोजतात त्यामुळे तेच इंजिन त्यांच्याकडे २३१ होतं. अमेरिकनांनी शिवाय प्रत्येक प्रकाराला नावं दिली, ४-६-२ म्हणजे पॅसिफिक, २-८-२ म्हणजे मिकाडो, ४-६-४ हडसन, ४-८-४ नॉर्दर्न, वगैरे वगैरे.

आता हे आकडे इतके महत्त्वाचे का? कारण वाफेच्या इंजिनात (एक अपवाद सोडून, तो पुढे येईलच) गिअर नावाची गोष्टच नसते. वाफेच्या जोराने सिलिंडरच्या नळकांड्यात पुढेमागे सरकणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन, त्याचा दांडा थेट चाकाला जोडलेला. पिस्टन एकदा पुढेमागे झाला की चाकाचा एक फेरा, संपलं. म्हणजे इंजिन जोरात पळणार की जोर लावणार हे कारखान्यातच चाकाच्या व्यासावर ठरून गेलेलं असतं. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं म्हणून मेल-एक्सप्रेसला मोठी चाकं, आणि मालगाडीला छोटी पण भरपूर चाकं, कारण रुळावर पकड पाहिजे तर जास्तीत जास्त वजन ओढणाऱ्या चाकांवर पडायला हवं, नाहीतर चाकं जागच्या जागी गरगर फिरतात आणि गाडी हलत नाही.

पण एवढ्यावर भागत नाही. चाकं आणि सिलिंडर कितीही दणकट असू देत, वाफच पुरली नाही तर पुढच्या चढावर इंजिनाला दम लागणार. आणि वाफ किती होणार हे ठरतं जाळीवर, म्हणजे फायरबॉक्समधल्या ज्या जाळीवर कोळसा जळतो ती किती मोठी त्यावर. माझ्या मते सगळ्या वाफेच्या इंजिनांची खरी गोष्ट या जाळीचीच आहे, पण तिच्याकडे कोणी बघत नाही कारण ती बाहेरून दिसत नाही.

आणि आता गंमत बघा, रेल्वेवेड्यांच्या यादीत कायम वर असणारे दोन प्रकार, पॅसिफिक आणि मिकाडो, दोन्ही रुजले ते भिकार कोळशामुळे! १८९७ मध्ये जपानच्या निप्पॉन रेल्वेला हलक्या प्रतीच्या कोळशावर चालणारी मालगाडीची इंजिनं हवी होती, ती फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्याने २-८-२ अशी बनवून दिली, मिकाडो (म्हणजे जपानचा सम्राट) हे नाव त्यावरूनच. पुढे १९०१ मध्ये न्यूझीलंडला त्यांचा लिग्नाइट, म्हणजे हलक्या प्रतीचा तपकिरी कोळसा, जाळायचा होता, पुन्हा बाल्डविनच, यावेळी ४-६-२. तशी चाकांची रचना आधी कुठेकुठे एखाद-दुसऱ्या इंजिनावर होऊन गेली होती पण प्रकार म्हणून रुजली ती इथून. कारण साधं आहे, हलका कोळसा उष्णता कमी देतो म्हणून एका वेळी जास्त जाळावा लागतो, जास्त जाळायला रुंद जाळी पाहिजे, आणि जुन्या पद्धतीत फायरबॉक्स मोठ्या चाकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत कोंबलेला असायचा तिथे रुंदी आणणार कुठून. मग त्यांनी फायरबॉक्स सरळ चाकांच्या मागे नेला आणि त्याचं वजन पेलायला खाली दोन छोटी चाकं लावली. शेवटचा तो "दोन" म्हणजे तेच. एकदा ही रुंद जाळी मिळाल्यावर मग लोकांच्या लक्षात आलं की अरे, यात चांगला कोळसा टाकला तर वाफेचा नुसता पूर येतोय, आणि जगभरच्या एक्सप्रेस गाड्यांनी पॅसिफिक उचललं.

पॅसिफिकचं नाव निघालं की मॅलार्ड येणारच. ब्रिटनच्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचं निळं, समोरून उतरत्या तोंडाचं, ए-४ वर्गातलं इंजिन, नंबर ४४६८, डिझाइन नायजेल ग्रेस्ली यांचं. ३ जुलै १९३८ ला ड्रायव्हर जो डडिंग्टन आणि फायरमन टॉमी ब्रे यांनी स्टोक बँकच्या उतारावर ते ताशी १२६ मैल, म्हणजे साधारण २०३ किलोमीटर पळवलं आणि वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून तसाच आहे. हा वेग म्हणजे काय ते जरा जवळून बघू. ओढणारी चाकं २.०३ मीटर व्यासाची, म्हणजे एका फेऱ्यात साधारण ६.४ मीटर. ताशी २०३ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५६ मीटर. म्हणजे चाकाचे सेकंदाला जवळपास नऊ फेरे, आणि तेवढ्याच वेळा तो पिस्टन, जाडजूड दांड्यासकट, पूर्ण पुढे जाऊन थांबून पूर्ण मागे येतोय. सेकंदाला नऊ वेळा! त्यात मॅलार्डला तीन सिलिंडर, दोन बाहेर आणि एक आत मधोमध, आणि त्या धावेत मधल्या सिलिंडरच्या दांड्याचं मोठं बेअरिंग तापून खराब झालं.

ते मधलंच का गेलं यालाही कारण आहे. वाफ सिलिंडरमध्ये कधी सोडायची आणि कधी बंद करायची हे ठरवणारी जी यंत्रणा असते ती ग्रेस्लींनी मधल्या सिलिंडरसाठी वेगळी दिलीच नव्हती, बाहेरच्या दोघांच्या हालचालीतूनच तरफा लावून मधल्याची हालचाल काढली होती. डोकेबाज काम, वजन वाचलं, आत हात घालायचा त्रास वाचला. पण तरफांच्या सांध्यांत झीज झाली की सगळा ढिलेपणा जाऊन साठतो मधल्या सिलिंडरवर, आणि फार वेगात तो वाट्यापेक्षा जास्त काम करायला लागतो.

मॅलार्डवाल्यांना चिडवायचं असेल तर फक्त "०५ ००२" एवढं म्हणा. हे जर्मनीचं ४-६-४, चाकं २.३ मीटरची, मे १९३६ मध्ये ताशी २००.४ किलोमीटर गेलेलं, आणि तेही जवळपास सपाट मार्गावर. उतारावर कोणीही पळेल, सपाटीवर पळून दाखवा, असा जर्मन पक्षाचा मुद्दा. मला विचाराल तर मुद्दा बरोबर आहे, पण दिसण्यात ए-४ च्या जवळपासही ते जात नाही, आणि आवडीनिवडीत दिसण्याला मार्क असतातच.

फ्लाइंग स्कॉट्समनचं मात्र वेगळं आहे. १९२३ मध्ये डॉनकॅस्टरला बनलेलं हेही ग्रेस्लींचंच पॅसिफिक, १९३४ मध्ये ताशी १०० मैलांची पक्की नोंद झालेलं, आणि १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात जाऊन न थांबता ६७९ किलोमीटर धावून आलेलं. रेल्वेशी काही घेणंदेणं नसलेल्या माणसालाही हे नाव ठाऊक असतं, आणि म्हणूनच मुरलेले रेल्वेफॅन त्याचं नाव घ्यायला जरा नाक मुरडतात. उगाच हं. इंजिन चांगलंच आहे.

पॅसिफिकच्या चाहत्यांमध्येही एक खोलात शिरणारा गट असतो, त्यांचा देव म्हणजे फ्रान्सचे आंद्रे शापलाँ. या माणसाने १९२९ मध्ये एक जुनं पॅसिफिक घेतलं, वाफ ज्या वाटांनी जाते त्या रुंद आणि गुळगुळीत केल्या, वाफ आणखी तापवायची सोय सुधारली, धुराड्यातून वाफ बाहेर फेकायची रचना बदलली, आणि इंजिनाची ताकद दीडपटीहून जास्त झाली. चाकं तीच, सांगाडा तोच! धुराड्याच्या त्या सुधारणेला फिनलंडच्या क्युलॅला आणि शापलाँ या दोघांची नावं जोडून किलचॅप म्हणतात, आणि मॅलार्डवर जे दुहेरी धुराडं बसवलेलं होतं ते हेच.

आता वेग सोडून आकाराकडे. अमेरिकेच्या युनियन पॅसिफिक नावाच्या रेल्वेचं बिग बॉय, ४-८-८-४. आठ-आठ ओढणाऱ्या चाकांचे दोन संच, एकाच बॉयलरखाली. १९४१ ते १९४४ मध्ये फक्त २५ बनली, अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीने बनवली, आणि नाव कुणा कामगाराने खडूने पुढच्या बाजूवर लिहिलं ते कायमचं चिकटलं. टेंडर, म्हणजे मागे जोडलेला कोळसा-पाण्याचा डबा, धरून लांबी ४० मीटरच्या वर, वजन ५४० टनांच्या आसपास. युटाच्या वासॅच डोंगरातून लांबलचक मालगाड्या चढवायला जोडइंजिन लावावं लागू नये एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. इतकं लांब धूड वळणावर वळतं कसं? तर मागचा चाकांचा संच बॉयलरला पक्का आणि पुढचा संच बिजागरीवर, त्यामुळे वळणावर पुढची चाकं रुळाबरोबर वळतात आणि बॉयलरचं तोंड मात्र सरळच राहून रुळाच्या बाहेर डोकावतं. समोरून बघितलं की क्षणभर वाटतं हे आता घसरलंच. मूळ कल्पना स्वित्झर्लंडच्या अनातोल मॅलेची, पण त्यांच्या रचनेत वाफ आधी मागच्या सिलिंडरमध्ये वापरून मग तीच उरलेली वाफ पुढच्यांना द्यायचे, बिग बॉयमध्ये चारही सिलिंडरला ताजी वाफ, म्हणून ते पळूही शकतं. "जगातलं सगळ्यात ताकदवान इंजिन" असं कोणी ठोकून दिलं तर लगेच मान डोलावू नका बरं का, नुसत्या ओढायच्या जोरात व्हर्जिनियन रेल्वेची २-१०-१०-२ इंजिनं त्याच्याही पुढे होती, फक्त ती गोगलगायीच्या वेगाने जायची. २५ पैकी आठ बिग बॉय शिल्लक आहेत आणि त्यातलं ४०१४ हे २०१९ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा मुख्य मार्गावर धावायला लागलं, कोळशाऐवजी तेलावर.

बिग बॉयपेक्षाही मला स्वतःला गॅरेट जास्त आवडतं, आणि हे वाचून काही लोक नाराज होणार हे मला माहितीय. हर्बर्ट विल्यम गॅरेट या इंग्लिश इंजिनिअरने वेगळाच विचार केला, बॉयलरखाली चाकं ठेवायचीच कशाला? बॉयलर मधे एका चौकटीवर टांगायचा आणि पुढे एक, मागे एक असे चाकांचे दोन स्वतंत्र गाडे लावायचे, त्यांच्या डोक्यावर पाणी आणि कोळसा ठेवायचा. आता बॉयलरखाली चाकंच नाहीत म्हटल्यावर तो हवा तेवढा जाड, फायरबॉक्स हवा तेवढा रुंद आणि खोल करता येतो, आणि वळणावर दोन्ही गाडे आपापले वळतात. हलके रूळ, अरुंद गेज, वेडीवाकडी वळणं अशा देशांना हे वरदानच. पहिली दोन १९०९ मध्ये टास्मानियाला गेली, मँचेस्टरच्या बायर पीकॉकने बनवलेली, आणि त्यात एक घोळ होता, सिलिंडर गाड्यांच्या आतल्या टोकाला ठेवले होते, म्हणजे एक जोडी बरोबर ड्रायव्हरच्या पायाखाली. वर फायरबॉक्सची धग आणि खाली तापलेले सिलिंडर, मधे माणूस शेकून निघायचा. पुढच्या गॅरेटमध्ये सिलिंडर बाहेरच्या टोकांना गेले. त्या दोघांतलं के-१ नावाचं इंजिन आता वेल्श हायलँड रेल्वेकडे आहे.

गॅरेटचा एक खरा दोष मात्र मान्य करायला हवा. पाणी आणि कोळसा थेट ओढणाऱ्या चाकांवर असल्याने ते जसजसं संपत जातं तसतसं चाकांवरचं वजन घटतं आणि पकड कमी होते, नेमकी शेवटच्या चढावर. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी मागे पाण्याची वेगळी टाकी जोडून फिरायचे. तरी पूर्व आफ्रिकेच्या ५९ वर्गापुढे हे सगळं माफ. मीटरगेजवर, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांवर, २५० टनांचं इंजिन! १९५५-५६ मध्ये ३४ बनली, मोम्बासा ते नैरोबी मालगाड्या ओढायची, आणि प्रत्येकाला तिथल्या एकेका डोंगराचं नाव. त्यातलं माउंट गेलाई नैरोबीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे.

मघाशी गिअरचा अपवाद म्हटलं ना, तो म्हणजे शे. एफ्राइम शे नावाच्या लाकूडतोडीच्या धंद्यातल्या माणसाने काढलेलं इंजिन, पेटंट १८८१ चं. जंगलातले रूळ कसेही टाकलेले, चढ उभे, तिथे साधं इंजिन टिकेना. याने सिलिंडर उभे केले, सगळे उजव्या बाजूला, त्यांच्यापासून एक लांब दांडा आणि दातेरी चाकांनी प्रत्येक चाकाला ताकद. उजवीकडे एवढं वजन आल्यामुळे बॉयलर चक्क डावीकडे सरकवलेला, समोरून बघितलं तर वाकडं दिसतं. आणि डावीकडून बघितलं तर काहीच दिसत नाही, ना दांडा ना पिस्टन, नुसता बॉयलर आणि चाकं, आणि तरी पुढे चाललंय. चालतं जेमतेम धावणाऱ्या माणसाच्या वेगाने, पण गिअरमुळे सिलिंडर मात्र धडाधड चालू असतात, डोळे मिटून ऐकलं तर एक्सप्रेस आली असं वाटावं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या कॅसला आणि तैवानच्या अलीशानला शे आजही जपलेली आहेत.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर, कान हा या नादातला फार मोठा भाग आहे. वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडते तो "छुक". पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने वाफ येते म्हणून एका सिलिंडरचे एका फेऱ्यात दोन छुक, दोन सिलिंडरच्या इंजिनाचे चार, तीनचे सहा. चार सिलिंडरच्या इंजिनांत बहुतेकदा दोन-दोन सिलिंडर एकत्र वाफ सोडतात त्यामुळे तिथेही चारच ऐकू येतात, पण ब्रिटनच्या सदर्न रेल्वेच्या लॉर्ड नेल्सन वर्गात चारही सिलिंडरच्या वेळा मुद्दाम वेगळ्या ठेवल्या होत्या, म्हणून आठ. आणि ग्रेस्लींची तीन सिलिंडरवाली इंजिनं झिजली की सहा ठोके समान अंतराने न पडता लंगडत पडायचे, तो लंगडा ठेका ओळखता येणं ही रेल्वेफॅन लोकांत मिरवायची गोष्ट आहे.

मालगाडीच्या इंजिनांवर जीव टाकणारे लोक थोडे अबोल असतात असा माझा अनुभव. त्यांचं लाडकं ब्रिटिश रेल्वेचं ९-एफ, २-१०-०, एकूण २५१ बनलेली. दहा ओढणारी चाकं ओळीने, मग वळणावर अडकणार नाही का? तर चाकाला रुळावर धरून ठेवणारी जी कड असते ती मधल्या जोडीला ठेवलेलीच नाही, म्हणजे ती चाकं रुळावरून जरा आडवी सरकू शकतात. चाकं फक्त दीड मीटरची, मालगाडीसाठीच बनवलेलं, आणि १९५८ मध्ये एकाने प्रवासी गाडी घेऊन त्याच स्टोक बँकवर ताशी ९० मैलांचा वेग गाठला. हिशोब करून बघा, सेकंदाला आठच्या वर फेरे येतात, म्हणजे चाकांच्या फिरण्यात ते मॅलार्डच्या जवळ पोचलं होतं! ब्रिटिश रेल्वेसाठी बनलेलं शेवटचं वाफेचं इंजिन, १९६० चं इव्हनिंग स्टार, हेही ९-एफच.

संख्येच्या हिशोबात बघितलं तर जगाची गाडी ओढली ती अशाच कष्टकरी इंजिनांनी. जपानची डी-५१ मिकाडो १,११५, भारताची डब्ल्यूजी मिकाडो २,४५०, चीनची क्यूजे २-१०-२ तर ४,७०० च्या वर आणि तीही १९८८ पर्यंत बनत होती. भारतात फोटोवाल्यांची गर्दी मात्र डब्ल्यूपीकडे, कारण पॅसिफिक, पुढे निमुळता घुमट आणि त्यावर चांदणी, रुबाब आहेच. आणि अगदी दुसऱ्या टोकाला दार्जिलिंगचं बी वर्गाचं ०-४-०, बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी टाकलेलं चिमुकलं इंजिन, ज्याच्या पुढे माणूस बसून रुळांवर हाताने वाळू टाकायचा, चाकं घसरू नयेत म्हणून.

एक गोष्ट लोक विसरतात, आवड ही काय शिल्लक राहिलं त्यावरही ठरते. न्यूयॉर्क सेंट्रलची २७५ हडसन इंजिनं म्हणजे एकेकाळी अमेरिकेतल्या गाड्यांचा चेहरा, सगळी भंगारात गेली, एकही उरलं नाही, मग नव्या पिढीने प्रेम करायचं कशावर. उलट वेल्समधल्या बॅरीच्या भंगारवाल्याने इंजिनं तोडायला उशीर केला आणि तिथून २१३ वाचली, त्यामुळे ब्रिटनमध्ये आज साधीसुधी, मध्यम वकुबाची इंजिनंसुद्धा लोकांची लाडकी आहेत. चीनच्या जीतोंग मार्गावर २००५ च्या शेवटापर्यंत दोन-दोन क्यूजे जोडून मालगाड्या घाट चढत होत्या, तेव्हा जगभरचे लोक कडाक्याच्या थंडीत मुद्दाम तिथे जायचे, कारण थंडीत वाफ पांढरीशुभ्र आणि भरगच्च दिसते.

आणि जे उरलंच नाही ते पुन्हा बनवणारेही आहेत. ब्रिटनच्या ए-१ पॅसिफिकची ४९ च्या ४९ इंजिनं तोडली गेली होती, तर हौशी लोकांनी पैसे जमवून पन्नासावं नव्याने बनवलं, टॉर्नेडो, २००८ मध्ये ते चालू झालं आणि २०१७ मध्ये चाचणीत ताशी १०० मैल गेलं. अमेरिकेत सध्या पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या टी-१ चं तसंच काम चालू आहे. हे ४-४-४-४, एकाच सांगाड्यात चार-चार चाकांचे दोन संच, पळायला जबरदस्त पण एक संच अचानक घसरून गरगर फिरायची खोड असलेलं, ५२ बनली आणि ५२ तोडली. नवं बनवणाऱ्यांनी उघड सांगून टाकलंय की त्यांना मॅलार्डचा विक्रम मोडायचाय.